जुन्या ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर: कोणते काढायचे, कोणते राहू द्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटचा ट्रान्झिस्टर स्टीरिओ ॲम्प्लिफायर बरीच वर्षं पडून होता, आता लावल्यावर वाजतो. डाव्या चॅनेलमधून मधूनच खरखर येते, आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरला कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येते. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, ‘चाळीस वर्षं उलटून गेलीत, सगळे कपॅसिटर बदलून टाका.’ दुसरा म्हणाला, ‘चालतोय तोवर उघडूच नका.’ मग करायचं काय?

दोघांनीही फक्त वय बघून निकाल दिलाय. मी बोर्ड समोर आला की प्रत्येक कपॅसिटरबद्दल, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणाऱ्या त्या भागाबद्दल, एवढंच बघतो: हा गेला तर एकटाच जाईल, की सोबत आणखी कुणाला घेऊन जाईल? टोन कंट्रोलमधला एखादा छोटा गेला तर एका बाजूचा बेस जरा पातळ होईल, बस. मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, दोन तारांमधला गेला तर खोलीभर धूर होईल. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमधला कपलिंगचा, म्हणजे एका टप्प्याचा सिग्नल पुढच्याला देणारा, गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. तिघांचं वय एकच, पण निर्णय तीन वेगळे.

वयाचा परिणाम मुळात सगळ्यांवर होतही नाही. सिरॅमिक, सिल्व्हर मायका, आणि प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे, म्हणजे फिल्मचे, पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन हे प्रकार पन्नास वर्षांनंतरही बहुतेक वेळा ठणठणीत असतात. झिजतो तो इलेक्ट्रोलिटिक. त्याची रचना डोळ्यासमोर असली की पुढचं सगळं सोपं जातं. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये द्रवात भिजवलेला कागद, हे सगळं गुंडाळून डबीत घातलेलं आणि तोंडाशी रबराचं बूच. विजेला अडवायचं काम तो कागद करत नाही. ते करतो एका पट्टीवर चढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर, तोही नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ. त्यामुळे इलेक्ट्रोलिटिकला दुखणीही दोन. वापरात असताना द्रव बुचातून हळूहळू उडून जातो. मग अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो आणि क्षमता उतरते. उलट वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळता पडून राहिला तर ऑक्साइडचा थर कमकुवत होतो, आणि अचानक पूर्ण व्होल्टेज दिलं की लीकेज करंट, म्हणजे त्या थरातून झिरपणारी वीज, उसळतो. तुमच्या ॲम्प्लिफायरने आधी भरपूर काम केलं आणि मग तो पडून राहिला, तेव्हा दोन्ही शक्यता धरून चाला.

द्रव किती लवकर उडतो हे वर्षांवर कमी आणि उष्णतेवर जास्त ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. अंगावर ८५ अंश लिहिलेला, २००० तासांचा साधा इलेक्ट्रोलिटिक ४५ अंशांत राहिला तर ३२,००० तास होतात. रोज तीन तास ऐकलं तर हे जवळपास २९ वर्षं झाले. पण तोच कपॅसिटर हीटसिंकला किंवा मोठ्या वॅटच्या रेझिस्टरला खेटून ६५ अंशांत राहत असेल तर ८००० तास, म्हणजे सव्वासात वर्षं. एकाच बोर्डावर, एकाच पाकिटातून आलेल्या दोघांमध्ये चौपट फरक. म्हणून झाकण उघडल्यावर मी आधी गरम जागा शोधतो: आउटपुट ट्रान्झिस्टरच्या आसपास, रेग्युलेटरच्या शेजारी, जिथे बोर्ड तपकिरी पडलाय तिथे. त्या जागांवरचे इलेक्ट्रोलिटिक मी मोजत बसत नाही, सरळ काढतो.

आकारही बघावा लागतो. १ ते १० मायक्रोफॅरडच्या चिमुकल्या डब्यांत द्रव असतोच किती? ते आधी कोरडे पडतात. उलट पॉवर सप्लायमधले मुठीएवढे फिल्टर कपॅसिटर, ज्यांच्यावर लोकांचा सगळ्यात आधी डोळा जातो, ते बऱ्याचदा चाळीस वर्षांनीही तंदुरुस्त निघतात.

डोळ्यांनी बघूनही पुष्कळ कळतं, फक्त फसायचं नाही. डबीचं डोकं फुगलेलं, बूच बाहेर आलेलं, पायाशी हिरवट गंज, सोल्डर लावताना माशासारखा वास, ही सगळी गेल्याची लक्षणं आहेत. पण १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनेक उपकरणांत मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी पिवळसर गोंद लावलेला असायचा. उष्णतेने तो गडद तपकिरी होतो, आणि नवखा माणूस तो बघून ‘कपॅसिटर गळला’ म्हणून मोकळा होतो. कपॅसिटर निर्दोष असतो. पण गोंदाला सोडू नका. काळा पडलेला गोंद ओलावा धरतो, थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे, डायोडचे पाय खातो. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने खरवडून काढा, आणि त्याखाली दडलेले पाय भिंगातून तपासा. कपॅसिटर बदलून न गेलेली खरखर गोंद काढल्यावर गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता मोजमाप. साध्या मल्टीमीटरवर कपॅसिटन्स बघून ‘अजून चांगला आहे’ म्हणणं धोक्याचं आहे. जुन्या इलेक्ट्रोलिटिकची टॉलरन्स पुष्कळदा उणे १० ते अधिक ५० टक्के अशी सैल असायची, म्हणजे १०० चा कपॅसिटर नवा असतानाच १४० भरत असू शकतो. आज तो ११० दाखवतो म्हणून खूश होऊ नका. तीस हरवले असतील. शिवाय लीकेज असलेला कपॅसिटर स्वस्त मीटरवर लिहिल्यापेक्षा जास्तच दाखवतो. अंगावर ४.७ लिहिलंय आणि मीटर ८ म्हणतोय, तर तो बोनस नाही, आजार आहे. ईएसआर मीटर जास्त कामाचा. तो साधारण १०० किलोहर्ट्झवर आणि अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे बहुतेक वेळा बोर्डावरून न काढताही चालतो. पण कमी व्होल्टेजवर मोजत असल्यामुळेच लीकेज त्याला दिसत नाही. लीकेज कळण्यासाठी कपॅसिटरला त्याचं कामाचं व्होल्टेज द्यावंच लागतं.

पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर मात्र बाहेर न काढताही तपासता येतात. मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि सप्लायच्या रेलवर (डीसी पुरवणाऱ्या तारेवर) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लहर, बघा. समजा कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा आहे, मेन्स ५० हर्ट्झचा आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर फुल वेव्ह. गाणं वाजत नसताना त्या रेलवरून ०.१ ॲम्पियर जात असेल तर रिपल टोकापासून टोकापर्यंत जास्तीत जास्त ०.१ व्होल्ट, मीटरवर सुमारे ३० मिलिव्होल्ट. पन्नासेक दिसले तर क्षमता बरीच उतरलीय. वीस-पंचवीस दिसले तर एवढा मोठा कपॅसिटर उपटून काढायचं कारण नाही. दोन्ही रेल मोजा, कारण अधिक आणि उणे रेलमधला फरक कधीकधी आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

न मोजता काढायचे काही असतात. मेन्सच्या तारांमध्ये किंवा पॉवर स्विचवर बसवलेले जुने कागदी कपॅसिटर, विशेषतः पारदर्शक पिवळसर आवरणाचे, ज्यांच्या अंगावर केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. भेगांतून दमट हवा आत जाते आणि एके दिवशी धडाम. उपकरण बंद असलं तरी प्लग लावलेला असेल आणि कपॅसिटर स्विचच्या आधी असेल, तर त्याला व्होल्टेज मिळतच असतं. इथे साधा फिल्म कपॅसिटर लावायचा नाही, व्होल्टेज कितीही मोठं लिहिलेलं असो. दोन तारांमध्ये एक्स२ दर्जाचा, आणि तार ते चॅसी असेल तर वाय२. वाय दर्जा यासाठी की तो शॉर्ट झाला तर पत्र्यालाच मेन्सचा करंट येईल.

थेंबाच्या आकाराचे टँटलमही मी संशयितांत धरतो. ते सप्लायच्या रेलवर असतील तर नक्कीच, कारण त्यांची मरण्याची पद्धत म्हणजे शॉर्ट होणं. सिग्नलच्या वाटेवर, नाममात्र व्होल्टेजवर असतील तर एवढी घाई नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीच्या आणि ९० च्या सुरुवातीच्या सीडी प्लेअर, डॅट (डिजिटल टेप) रेकॉर्डरमध्ये बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले बारके इलेक्ट्रोलिटिक असतील तर ती सगळ्यात तातडीची केस समजा. त्या काळातले पुष्कळसे बुडातून गळतात आणि तो द्रव तांब्याच्या रेषाच खाऊन टाकतो. तिथे वाट बघणं म्हणजे दुरुस्ती अवघड करून ठेवणं.

विषय ट्रान्झिस्टरचा असला तरी व्हॉल्व्हवाल्यांसाठी थोडं थांबतो, कारण बेफिकिरी सगळ्यात महाग तिथेच पडते. आधीच्या टप्प्यातून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) सिग्नल नेणारा कपलिंग कपॅसिटर मेणात बुडवलेल्या कागदाचा असेल तर त्याच्या एका बाजूला दोनशे व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला शून्य अपेक्षित असतं. तो अवघे १० मायक्रोॲम्पियर गळू देत असेल आणि ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा असेल, तर ग्रिडवर ४.७ व्होल्ट येतात. ईएल८४ सारख्या व्हॉल्व्हचं बायस, म्हणजे करंट आवरून धरणारं ग्रिडचं उणे व्होल्टेज, १० व्होल्टच्या आसपास असतं. त्यातले पावणेपाच असेच कमी झाले तर प्लेट लालबुंद होते, आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर. तपासायला सोपं आहे: आउटपुट व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढा, उपकरण चालू करा, ग्रिडच्या पिनवर डीसी व्होल्टेज बघा. व्हॉल्व्ह काढायचा एवढ्यासाठी की त्याच्या स्वतःच्या ग्रिड करंटमुळे गोंधळ होऊ नये. मीटर शून्याच्या वर रेंगाळत असेल तर कपॅसिटर बाद. खरं तर मेणकागदी असेल तर मी मोजायचेही कष्ट घेत नाही. मोजतो ते जुन्या फिल्मवाल्यांसाठी.

जुन्या व्हॉल्व्ह सेटला व्हॅरिॲकवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू जागं करा असा सल्ला सर्रास दिला जातो. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर तो निम्म्याअधिक वाटेवर गरमच होत नाही, करंट जात नाही, आणि मग अचानक पुष्कळसं व्होल्टेज एकदम येतं. मधल्या वेळात फिल्टर कपॅसिटरला काहीच मिळालेलं नसतं. त्यांना सावकाश जागं करायचं असेल तर वेगळ्या डीसी सप्लायवरून, मोठ्या रेझिस्टरमधून व्होल्टेज द्या आणि करंट उतरत जातो का ते बघा. तासाभराने उतरून स्थिरावला तर कपॅसिटर वाचला. उतरता उतरता पुन्हा चढला तर त्याचा नाद सोडा. ट्रान्झिस्टर उपकरणाला पहिल्यांदा जागं करताना मी सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या वाटेतच जोडलेला बल्ब, लावतो, ६० ते १०० वॅटचा, तारेचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भकाभक पेटतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

न काढायच्यांबद्दल मी जास्त आग्रही आहे, कारण नुकसान तिथेच जास्त होतं. ट्यूनरच्या भागातले पॉलिस्टायरीन, मायका, छोटे सिरॅमिक आणि ट्रिमर यांना हात लावू नका. त्यांच्या नेमक्या व्हॅल्यूवर अलाइनमेंट, म्हणजे ट्यूनरची जुळवणी, बसवलेली असते. चार पिकोफॅरड इकडेतिकडे झाले की स्टेशन सरकतं, स्टीरिओची विभागणी बिघडते, आणि मग सिग्नल जनरेटरशिवाय ते जागेवर येत नाही. पॉलिस्टायरीन तर आजूबाजूला काम करताना सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनेही मऊ पडतं. फोनो इक्वलायझेशनमधल्या (रेकॉर्ड प्लेअरच्या सिग्नलचा तोल सावरणाऱ्या सर्किटमधल्या) फिल्म कपॅसिटरचंही तेच: डाव्या-उजव्या चॅनेलची जोडी कारखान्यात जुळवलेली असू शकते, आणि नवे बसवून ती मोडायची काही गरज नसते. फिल्मचे पाकीटभर महागडे कपॅसिटर घालून ‘आवाज मोकळा झाला’ म्हणणारे भेटतात. जुना कोरडा इलेक्ट्रोलिटिक काढल्यावर आवाज सुधारतो, हे मान्य. धडधाकट पॉलिस्टर काढून पॉलिस्टर लावल्यावर सुधारणा ऐकू येते ती बहुधा खर्चाची.

स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) बायपोलर, म्हणजे अधिक-उणे टोक नसलेले, इलेक्ट्रोलिटिक म्हातारे होतातच, ते बदला. पण त्यांच्या जागी पॉलिप्रॉपिलीन लावलं तर ईएसआर जवळजवळ नाहीसा होतो, ट्वीटर थोडा वर येतो आणि स्पीकर टोचायला लागतो. बनवणाऱ्याने तो ओहमभराचा रोध हिशेबात धरलेला असू शकतो. फिल्मच लावायचा असेल तर सिरीजमध्ये तेवढाच छोटा रेझिस्टर द्या.

बदलायचं ठरलं तर क्षमता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा वरचं, तापमान १०५ अंश. एक-दोन मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिकऐवजी जागा असेल तर फिल्म लावा, तो आता पुन्हा काढावा लागणार नाही. फिल्टर कपॅसिटर दुप्पट करायचा मोह आवरा: चालू होतानाचा करंटचा झटका वाढतो आणि रेक्टिफायर, स्विच, फ्यूज यांच्यावर ताण येतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला तर मर्यादाच असते. जीझेड३४ ला पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नको. कुठल्याशा गोदामात तीस वर्षं पडून असलेला, ‘न वापरलेला’ जुना इलेक्ट्रोलिटिक विकत घेऊ नका. पडून राहण्याचा रोग त्यालाही लागलेला असतो.

हात घालण्याआधी फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. ६० व्होल्टवर भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडमध्ये १८ ज्यूल असतात, आणि व्हॉल्व्हचं ४०० व्होल्ट म्हणजे जिवाशी गाठ आहे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नका; एक-दोन किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारेने लावा, आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत धरा.

सगळे एका दमात काढू नका, हे मात्र बजावून सांगतो. एका बोर्डाचे पाच-सहा बदला, फोटो आधी काढून ठेवा, पुन्हा चालू करून बघा, मगच पुढे. तीस बदलल्यावर उपकरण मुकं झालं तर तिसांतला उलटा लागलेला कोणता, हे शोधण्यात रविवार जातो. बोर्डावर छापलेल्या खुणेवरही आंधळा विश्वास नको. काही बोर्डांवर अधिक टोक दाखवलेलं असतं, काहींवर उणे, आणि काहींवर छपाईच चुकलेली असते. जुना ज्या दिशेने होता ते आणि सर्किट काय म्हणतं ते, दोन्ही जुळायला हवं. एकपदरी जुन्या बोर्डांवरचं तांबं उष्णतेने सहज उचकटतं. प्रत्येक अनावश्यक बदल म्हणजे उचकटण्याची आणखी एक संधी, आणि सरसकट बदलण्याला माझा विरोध त्यासाठीच आहे.

आता तुमच्या ॲम्प्लिफायरकडे. गुणगुण व्हॉल्यूम शून्यावरही येते, म्हणजे ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे कुठेतरी शिरते. दोन्ही चॅनेलमध्ये सारखीच असेल तर सामाईक सप्लाय संशयित, वर सांगितल्याप्रमाणे रिपल मोजा. एकाच बाजूला असेल तर मोठ्या फिल्टरना दोष देऊ नका; त्या चॅनेलच्या बोर्डावरचा छोटा डीकपलिंग कपॅसिटर (त्या बोर्डाचा सप्लाय स्वच्छ ठेवणारा) किंवा ग्राउंडचं सोल्डर बघा. आवाजाचा पोतही सांगतो: सप्लायची गुणगुण १०० हर्ट्झची, किंचित खरखरीत असते, ५० हर्ट्झची जाड, गोल घूं असेल तर ती ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेल्या तारांमधून किंवा ग्राउंड लूपमधून येतेय, आणि ती कुठल्याही नव्या कपॅसिटरने जाणार नाही.

खरखर तर मला कपॅसिटरची वाटतच नाही. आधी स्पीकरच्या रिलेचे संपर्क, सिलेक्टर स्विच आणि व्हॉल्यूम पॉट साफ करा, बायसच्या छोट्या ट्रिमरला विसरू नका. पॉट फिरवतानाच खरखर येत असेल आणि साफ करूनही राहिली तर पॉटच्या टोकांवर डीसी मोजा. तिथे काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय, तो बदला, आणि जोडीने दुसऱ्या चॅनेलचाही. पॉट न हलवता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही खरखर येत असेल तर इनपुटच्या जोडीतले छोटे ट्रान्झिस्टर तपासा. त्या काळातले काही ट्रान्झिस्टर म्हातारपणी असेच कुरकुरतात, थंड करणारा स्प्रे मारला की आवाज बदलतो.

शेवटी आउटपुटवरचं डीसी ऑफसेट (सिग्नल नसतानाही उरणारं व्होल्टेज) आणि बायस (गाणं वाजत नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जाणारा करंट), उपकरण वीस मिनिटं तापल्यावर मोजा. हे स्पीकर काढून करायचं. ऑफसेट ५० मिलिव्होल्टच्या आत स्थिर राहिलं तर स्पीकर लावा. तापेल तसं सरकत राहिलं तर आधी इनपुटची जोडी आणि तिच्याजवळचा ट्रिमर बघा. फीडबॅकच्या वाटेवर, ग्राउंडकडे जाणारा ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक गळत असला तरीही ऑफसेट हलतो, म्हणून तो एक मी तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये न मोजताच बदलला असता.